बुराडी घाट नेमका कुठे? (आणि दिल्लीत अजून काय काय दाखवू?)

सावली

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून नोकरीनिमित्त दिल्लीत आहे, मयूर विहारला राहते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबा पहिल्यांदाच येतायत. हातात पूर्ण चार दिवस आहेत.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट मी दाखवणारच आहे. पण परवा फोनवर ते म्हणाले, "ते सगळं टीव्हीवर दिसतं गं. बुराडी घाट तुझ्या घरापासून किती लांब?" मला उत्तरच देता आलं नाही. दीड वर्षात ऑफिस, घर आणि फार तर सरोजिनी नगर, एवढीच दिल्ली पाहिली आहे मी.

तर प्रश्न दोन. दत्ताजी शिंदे जिथे पडले तो बुराडी घाट आज सापडेल का? आणि पाटी नसलेली, गर्दी नसलेली, पण बघायलाच हवी अशी दिल्ली कुठे कुठे आहे? बाबांचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. आईला बागा आणि झाडं आवडतात.

भटक्या

छान धागा! मीही वाचणार. दिल्लीला कामासाठी सात-आठ वेळा गेलो, दर वेळी विमानतळ ते करोलबाग.

पहाडगंजकर

सावली, आमचं घराणं तीन पिढ्या दिल्लीत आहे. मी पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलो. तुझ्या बाबांचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

बुराडी उत्तर दिल्लीत आहे, यमुनेच्या पश्चिम काठाला. आज तिथे दाट वस्ती आहे, प्लॉट पाडलेले, गल्लीबोळ, शेअर रिक्षा. नदी त्या वस्तीपासून लांब गेली आहे. यमुना पात्र बदलत आली, त्यामुळे 'दत्ताजी इथे पडले' म्हणून बोटाने जागा दाखवता येणार नाही. पण तो सगळा पट्टा पाहायचा असेल तर बुराडीच्या बाजारात न शिरता वजीराबादवरून जगतपूरकडे जा. तिथे नदीकाठचं रान अजून मोकळं आहे. उंच गवत, ओलसर वाळू आणि थंडीत दहा हातांवरचं दिसणार नाही असं धुकं. १० जानेवारी १७६० ला नजीबखान रोहिल्याचे बंदूकवाले असल्याच गवतातून पुढे आले आणि आपल्या लोकांच्या हातात भाले-तलवारी होत्या. ते रान बघितल्यावर त्या दिवशी काय झालं असेल ते न सांगता कळतं.

जानेवारीतच येताय तर १० तारीखच गाठा. तेव्हा तो संक्रांतीचा दिवस होता असं सांगतात.

मृदुला

काका, अंगावर काटा आला. "बचेंगे तो और भी लडेंगे" पाठ करून मोठे झालो, पण बुराडी म्हणजे दिल्ली हे आज कळलं. मी इतकी वर्षं ते पानिपताजवळ कुठेतरी असेल असंच समजत होते.

सावली

मृदुला, माझंही तेच. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अर्धा वर्ग परीक्षेत 'पानिपत' लिहायचा, मी अर्धा गुण कापायचो."

निनाद

एक वेगळं मत मांडतो. राग मानू नये. दिल्लीत गेलं की आपण फक्त आपले लोक कुठे लढले ते शोधतो, आणि हजार वर्षांचं शहर तसंच राहून जातं. मी वास्तुरचनाकार आहे, चार वर्षं दिल्लीत शिकलो. चार दिवस असतील तर एक पूर्ण दिवस मेहरौलीला द्या.

कुतुबमिनारच्या भिंतीपलीकडे मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान आहे. मिनाराला तिकिटाची रांग, इकडे शुकशुकाट. आत दिल्लीचा सुलतान बलबन याची कबर आहे. बलबन गेला १२८७ मध्ये. छत कोसळलंय, भिंती ओबडधोबड दगडाच्या, पहिल्या नजरेत पडकं घर वाटेल. पण तिथल्या कमानीखाली उभं राहून वर बघा. त्याआधी आपल्याकडे कमान करायची तर आडवे दगड एकेक करून पुढे सरकवत न्यायचे. इथे पाचरीसारखे दगड अर्धगोलात एकमेकांना रेटून बसवलेत. आज भारतात उभ्या असलेल्या खऱ्या कमानींमध्ये ही सर्वांत जुनी मानतात. पुढची सगळी कमानींची वास्तुकला डोळ्यांसमोर आणा आणि मग पुन्हा ते दगड बघा.

तिथून चालत राजों की बावली. नाव ऐकून सगळे राजाची विहीर समजतात. इथे 'राज' म्हणजे गवंडी. पुढे कधीतरी गवंडी तिथे राहायचे म्हणून हे नाव पडलं. विहीर १५०६ ची, सिकंदर लोदीच्या काळातली. सावली, बाबांना पायऱ्या उतरायची गरज नाही, वरच्या काठावरून सगळे मजले एका नजरेत दिसतात. जवळच जमाली-कमालीची मशीद आणि कबर आहे. कबरीची खोली बहुतेक वेळा कुलूपबंद असते. रखवालदार दिसला तर अदबीने विचारा. आतलं निळं-लाल छत आयुष्यभर लक्षात राहील.

पहाडगंजकर

निनाद, राग कसला? पटलंच. फक्त एवढंच म्हणेन की माणूस घरच्या ओळखीचा धागा धरूनच परक्या गावात शिरतो. बुराडीच्या ओढीने सावलीचे बाबा येतील आणि बलबनाची कमान बघून जातील. हरकत काय?

शिलालेखवेडा

सावलीताई, जिने नसलेली आणि बहुतेक दिल्लीकरांनीही न पाहिलेली जागा सांगतो. ईस्ट ऑफ कैलासमध्ये इस्कॉन मंदिराजवळच्या बागेत एक तिरका खडक आहे, वर सिमेंटचं छप्पर, भोवती जाळी. त्या खडकावर सम्राट अशोकाचा लेख आहे! ब्राह्मी लिपी, दहा ओळी. १९६६ मध्ये बांधकामासाठी तिथला खडक फोडायचं चाललं होतं, तेव्हा ठेकेदाराच्या नजरेला ही अक्षरं पडली म्हणून वाचली. बावीसशे वर्षांपूर्वी राजाने प्रजेशी बोलायला तो खडक निवडला, म्हणजे तिथून वहिवाटीचा रस्ता जात असणार.

सकाळी कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा जा. दुपारी अक्षरं दगडात विरघळतात, काहीच दिसत नाही. मी पहिल्यांदा दुपारी गेलो आणि हात हलवत परत आलो. दुसऱ्यांदा सकाळी गेलो. जाळीला नाक लावून उभा राहिलो, आणि ब्राह्मीचा 'क', म्हणजे साधं अधिकचिन्ह, एकदम डोळ्यांत भरला. मग एकामागून एक अक्षरं सुटी होत गेली.

आपल्याकडे नालासोपाऱ्याला अशोकाच्या लेखाचे तुकडे सापडले आहेत. त्याच राजाचा आवाज पार यमुनेकाठी ऐकायला मिळतो, हे मला अजून नवल वाटतं.

चकली

आणि फिरोजशाह कोटला? क्रिकेटचं मैदान सोडून शेजारी बघा म्हणावं.

शिलालेखवेडा

अगदी! तो तर माझा जीव की प्राण. फिरोजशाह तुघलकाने तिथल्या तीन मजली इमारतीच्या डोक्यावर अशोकाचा स्तंभ उभा केला. तो आणला हरियाणातल्या टोपऱ्याहून. अफीफ नावाच्या इतिहासकाराने सगळं वर्णन लिहून ठेवलंय. स्तंभाखाली सावरीच्या कापसाचे ढीग रचून तो हळूच आडवा केला, बोरू आणि कातड्यात गुंडाळला, ४२ चाकांच्या गाड्यावर चढवला. एकेका चाकाच्या दोराला २०० माणसं. मग यमुनेतून नावांवरून खाली. आणि एवढं करूनही त्यावर काय लिहिलंय ते वाचणारा एकही माणूस सुलतानाला मिळाला नाही. ती लिपी उलगडली १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने.

मृदुला

तिथे जिनांना, म्हणजे अदृश्य आत्म्यांना, चिठ्ठ्या लिहितात ना?

हेमांगी नोएडा

हो, मी पाहिलंय. गुरुवारी गर्दी असते. खालच्या अंधाऱ्या ओवऱ्यांमध्ये कोनाड्यांत अगरबत्त्या, पणत्या, दुधाच्या वाट्या. भिंतीला नाणी चिकटवलेली. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात, म्हणजे एका जिनाने नाही ऐकलं तर दुसरा ऐकेल. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी अर्जावर स्वतःचा फोटो चिकटवला होता, खाली पूर्ण पत्ता. मुलाच्या नोकरीसाठी होता. मी तोंड फिरवलं, दुसऱ्याचं गाऱ्हाणं वाचू नये म्हणून. सगळ्या धर्मांची माणसं येतात तिथे.

आणि सावली, तू मयूर विहारला राहतेस म्हणजे रणांगणाच्या उशाशीच की! पटपडगंज. ११ सप्टेंबर १८०३. जनरल लेकची फौज आणि दौलतराव शिंद्यांची पलटणं. शिंद्यांच्या बाजूने सेनापती होता बूर्क्वँ नावाचा फ्रेंच माणूस. ती लढाई हरलो आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात आहे, १९१६ मध्ये उभारलेला. आमच्या ओळखीच्या सभासदांबरोबर गेले होते. हिरवळीवर लोक खेळतायत आणि मधे हा स्तंभ. मी त्याच्याशेजारून रोज मेट्रोने जात होते आणि मला कल्पना नव्हती.

सावली

हेमांगी!! मी पटपडगंजला भाजी आणायला जाते. नि:शब्द.

भटक्या

अवांतर: दिवाण-ए-खासचं चांदीचं छत भाऊसाहेबांनी उतरवलं ते खरं का? एका उत्तर भारतीय सहकाऱ्याने मला त्यावरून चांगलंच ऐकवलं होतं.

पहाडगंजकर

खरं आहे. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली ताब्यात आली, पण खजिना रिकामा. पुण्याहून पैसा येईना, उत्तरेतल्या वसुलीचा पत्ता नाही, फौजेला आणि जनावरांना खायला नाही. भाऊंनी छताची चांदी उतरवून रुपये पाडले. सूरजमल जाटाला ते रुचलं नाही असं बखरी सांगतात, आणि तो पुढे सोडूनही गेला.

निनाद

कारण समजतं, तरी मला ते बोचतं. आज तिथे जे रंगवलेलं लाकडी छत आहे ते नंतरचं. त्याखाली उभं राहिलं की 'पृथ्वीवर स्वर्ग असेल तर तो इथेच' हा फारसी शेर भिंतीवर दिसतो आणि वर चांदी नाही.

गोदाकाठ

निनाद, उपाशी फौज घेऊन अब्दालीसमोर उभं राहायचं होतं. छत वाचवून माणसं मारायची होती का?

निनाद

नाही, तसं म्हणत नाही. पण सहकाऱ्याने ऐकवलं तर खाली मान घालून ऐकावं आणि मग कारणही सांगावं. दोन्ही.

गोदाकाठ

हे मान्य.

आणि दुसरी बाजूही सांगा त्या सहकाऱ्याला. मार्च १७३७ मध्ये थोरले बाजीराव मोगली फौजांना चकवून थेट दिल्लीच्या वेशीवर आले होते. काळकाजी, मग तालकटोरा. शहर समोर मोकळं. तरी जाळलं नाही. मर्यादा ओलांडली तर राजकारणाचा दोरा तुटतो, अशा अर्थाचं त्यांनी चिमाजीअप्पांना कळवलं. तालकटोऱ्याला आज बाग आहे, स्टेडियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथेच साहित्य संमेलन भरलं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. मी मंडपात बसलो होतो आणि माझ्या डोक्यात घोड्यांच्या टापा चालू होत्या.

पहाडगंजकर

मीही होतो तिथे! दिल्लीतलं आधीचं संमेलन १९५४ चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष, उद्घाटनाला पंडित नेहरू. माझे वडील खुर्च्या लावायला स्वयंसेवक होते. त्यांचा कापडी बिल्ला मी २०२५ ला खिशात ठेवून गेलो होतो.

सावली, आईला तालकटोऱ्याची बाग नक्की आवडेल. मोगलांच्या वेळची भिंत आणि छत्र्या अजून आहेत.

रानवाट

एकट्या बाईसाठी एक सूचना. मेहरौलीचं उद्यान किंवा रिजवरचे (उत्तर दिल्लीतल्या जंगली टेकडीवरचे) अवशेष सकाळी आठ ते अकरा या वेळात बघा, उन्हं उतरल्यावर नको. मी एकदा रिजवर रस्ता चुकले. जीव मुठीत धरून तासभर चालले आणि शेवटी माकडांना केळी घालायला आलेल्या आजोबांनी बाहेर आणून सोडलं. तरी पुन्हा गेले. कारण रिजवर हिंदुराव रुग्णालयाजवळ अशोकाचा दुसरा स्तंभ आहे, मीरतहून आणलेला. अठराव्या शतकात बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. ते जुळवून १८६७ मध्ये पुन्हा उभा केला. सांधे उघड दिसतात. कोटल्याच्या अखंड स्तंभापेक्षा मला हा जास्त आपला वाटतो.

चकली

या नावाच्या हिंदुराव घाटग्यांबद्दल कोणीतरी सांगा. दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयाला मराठी सरदाराचं नाव!

गोदाकाठ

कागलकर घाटगे. दौलतराव शिंद्यांच्या बायजाबाई त्यांच्या बहीण. शिंद्यांच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर ते दिल्लीत स्थायिक झाले, रिजवरचा मोठा वाडा त्यांनी घेतला. १८५७ मध्ये इंग्रजांनी त्याच वाड्यात मोर्चे लावून शहराशी लढाई केली. वाड्याचं पुढे रुग्णालय झालं, नाव राहिलं.

सावली

सगळ्यांचे किती आभार मानू! यादी केली. पहिला दिवस मेहरौली, दुसरा अशोकाचा खडक आणि कोटला, तिसरा तालकटोरा आणि लाल किल्ला, चौथा १० जानेवारी, वजीराबाद-जगतपूर. आल्यावर इथेच लिहीन.

सावली

(अडीच आठवड्यांनी)

वृत्तांत द्यायला उशीर झाला, माफ करा.

मेहरौलीत बाबा बलबनाच्या कमानीखाली वीस मिनिटं उभे होते. बोट वर करून दगड मोजत होते. निनाद, ते म्हणाले, "मी 'गुलाम घराणे' तीन ओळींत संपवायचो. या माणसांना कमान दाखवायला हवी होती वर्गात." खडकाकडे आम्ही सकाळी नऊला पोचलो. शिलालेखवेडा यांनी सांगितलेला 'क' आधी आईला सापडला, बाबांना नाही. ती दिवसभर खूश होती.

दहा तारखेला मात्र धुकं इतकं की टॅक्सीवाला वजीराबादच्या पुलावर थांबू का विचारत होता. सिग्नेचर ब्रिज एवढा अवाढव्य, पण त्याचा नुसता वरचा टोकदार भाग तरंगत होता. आधी वजीराबादची तुघलकी मशीद आणि जुना दगडी पूल पाहिला. मग जगतपूरकडे.

गाडीतून उतरून बांधावरून चाललो. पायाखाली ओली वाळू, बाजूला गवत बाबांच्या डोक्यापेक्षा उंच. दहिवरानं त्यांचा कोट खांद्यापर्यंत भिजला. पाणी दिसत नव्हतं, फक्त कुठेतरी बदकं ओरडत होती. एक शेतकरी मुळ्याच्या जुड्या बांधत बसले होते. बाबांनी मोडक्या हिंदीत विचारलं, घाट कुठे होता? त्यांना दत्ताजींचं नाव माहीत नव्हतं. पण ते उठले आणि हाताने दाखवत गेले, माझ्या आजोबांच्या वेळी पाणी तिथपर्यंत होतं, बापाच्या वेळी इथपर्यंत, आता पलीकडे. होडीने माणसं उतरायची ती जागा त्या शिरीषाच्या अलीकडे. बाबा त्यांच्यामागून चालत गेले. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

परत आल्यावर गवताकडे बघत म्हणाले, "भाला चालणारच नाही इथे. वळवायला जागा कुठाय?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आईने डब्यातला तिळगूळ त्या शेतकरी काकांना दिला, त्यांनी आम्हाला मुळे दिले.

मृदुला

वाचून डोळे भरून आले गं.

पहाडगंजकर

तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. पुढच्या वेळी घरी जेवायलाच आणायचं त्यांना.

सावली

सांगितलं काका. नक्की येऊ.

आता बाबांचं एक काम. शाळेच्या वर्गात जो भारताचा नकाशा आहे त्यात दिल्लीचा एकच ठिपका आहे. बुराडी शिकवताना ते ३१ वर्षं त्याच ठिपक्याच्या जरा वर बोट ठेवायचे. त्यांना आता शाळेसाठी दिल्लीचा मोठा मराठी नकाशा करून हवाय: बुराडी, तालकटोरा, काळकाजी, पटपडगंज, हिंदुराव, आणि निनाद यांची बलबनाची कमान आणि दोन्ही स्तंभसुद्धा. कोणी मदत करेल का?

निनाद

मी काढून देतो. यमुनेचं जुनं पात्र तुटक रेषेने दाखवू का?

सावली

बाबा म्हणतायत हो, आणि त्या शेतकरी काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन रेषा.

भटक्या

माझा पुण्यात फ्लेक्सचा धंदा आहे. सहा बाय चारचा कापडी नकाशा छापून शाळेत पोचवतो, पैसे घेणार नाही. फक्त मजकूर शुद्ध तपासून द्या.

शिलालेखवेडा

तपासायला मी. ईस्ट ऑफ कैलासचा खडक राहिला की यादीत!